शेकोटीवरच्या कोनाड्यातला टीव्ही पुन्हा पुन्हा बंद पडतो तेव्हा

डिसेंबरात रात्री साडेनऊला फोन आला. "अहो, परत बंद पडायलाय बघा. ऐन बातम्यांत."

घर जांबोटीच्या अलीकडचं. काका पुण्यातून निवृत्त होऊन गावाकडे आलेले. घर बांधताना हौसेनं हॉलच्या भिंतीत शेकोटी करून घेतली, वर छपरापर्यंत धुराडं काढलं, आणि शेकोटीच्या डोक्यावर भिंतीत कोनाडा पाडून ५५ इंची टीव्ही आत बसवला. भिंतीशी एकदम एकसपाट. फोटो काढावा असं दिसायचं ते. पण दोन वर्षांत त्या टीव्हीचा पॉवर बोर्ड दोनदा बदलला, मेन बोर्ड एकदा. नवा स्टॅबिलायझर आणला. तरी टीव्ही दीड तास चालायचा, डोळे मिटायचा, अर्ध्या तासानं आपोआप सुरू व्हायचा.

मी बेळगावात वायरिंगची आणि टीव्ही बसवायची कामं करतो. जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर आता पुष्कळ शेतघरं झालीत आणि त्यातल्या काहींत अशा शेकोट्याही आहेत. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांत असतं तसं धुराडं आपल्याकडंही पाहिजे, ही हौस. हरकत काहीच नाही, थंडी पडते तिकडे. पण त्या जुन्या शेकोट्यांच्या डोक्यावर फार तर एखादा आरसा नाहीतर सांबराची शिंगं असायची. शिंगांना ऊन-गार काही कळत नाही.

बोर्ड बदलणारा पोरगा तीनदा येऊन गेला होता. त्यानं टीव्ही तपासला. कोनाडा कुणीच तपासला नव्हता. म्हणून हे लिहितोय. असाच त्रास असेल तर नवा बोर्ड मागवायच्या आधी खालच्या चाचण्या करून बघा. बहुतेक सगळ्या घरच्या घरी होतात.

पहिलं काम: तो कधी बंद पडतो ते लिहून काढा

इथं मला काकूंनी वाचवलं. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. दुधाच्या खुणा करतात त्याच चौकोनांत त्यांनी टीव्ही बंद पडला त्या दिवशी पेन्सिलीनं बारीक 'टी' काढून ठेवला होता. "दर वेळी कंपनीवाले विचारतात, कधीपासून होतंय म्हणून. मग म्हटलं, लिहूनच ठेवूया की."

मागच्या वर्षाचं कॅलेंडरही कपाटात होतं. दोन्ही टेबलावर पसरली. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत टी, टी, टी. फेब्रुवारी ते मे कोरं. मग जूनच्या शेवटी परत सुरुवात आणि जुलै-ऑगस्ट भरलेला. सप्टेंबरनंतर थांबलं.

जुलैत कोण शेकोटी पेटवतं? कुणीच नाही. म्हणजे एका तक्रारीच्या पोटात दोन वेगळे आजार होते. मी काकूंना विचारलं, पावसात बंद पडतो तो कसा? त्या म्हणाल्या, तेव्हा लावला की लागतच नाही, लाल दिवा लुकलुकतो, कधी घरातली सगळीच लाईट जाते. थंडीतला मात्र चालता चालता झोपतो. हा फरक दोन वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

तुमच्याकडे असं कॅलेंडर नसेल तर आजपासून सुरू करा. तारीख, वेळ, शेकोटी पेटलेली होती का, पाऊस होता का, सुरू केल्यापासून किती वेळानं बंद पडला, एवढंच.

थंडीतला आजार

बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तकात वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. हे टीव्हीच्या भोवतालच्या हवेचं तापमान. खोलीत २२ असून कोनाड्यात ५० असेल तर टीव्हीच्या लेखी तो ५० अंशांतच बसलाय. आतला सेन्सर आधी उजेड कमी करतो, मग सेट बंद करतो. तो निवला की परत लागतो. हा बिघाड नव्हे, टीव्ही स्वतःला वाचवतोय. पण रोज असंच चाललं तर पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर लवकर फुगतात. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या कामातला जुना आडाखा आहे. काकांचा पॉवर बोर्ड दोनदा का गेला ते यात आलं.

मोजायचं कसं? तापाची तापमापी चालत नाही, ती ४२ च्या पुढे जात नाही. फ्रिज किंवा माशांच्या टाकीसाठी लांब वायरीचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आणा. वायरीचं टोक कोनाड्याच्या छताला, टीव्हीच्या मागं, चिकटपट्टीनं लावा. पिस्तुलासारखा लांबून मोजणारा थर्मामीटर टीव्हीच्या चकचकीत काचेवर चुकीचा आकडा दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

मग तीन रात्री मोजा. पहिल्या रात्री शेकोटी बंद, टीव्ही चालू. दुसऱ्या रात्री शेकोटी चालू, टीव्ही बंद. तिसऱ्या रात्री दोन्ही. काकांच्या घरी खोलीत २२ अंश असताना आकडे आले असे: पहिल्या रात्री ३५, दुसऱ्या रात्री ४५, तिसऱ्या रात्री ५४. पहिल्या रात्रीचे ३५ बघून काका खूश झाले, "म्हणजे टीव्हीचा दोष नाही." पण त्या आकड्यातही कोनाड्याचा दोष दिसतो. मोकळ्या भिंतीवर तोच टीव्ही असता तर हवा वर निघून गेली असती. इथं कोनाड्याच्या वरच्या काठाला एलईडी पट्टी लपवायला प्लायवुडची झालर केली होती, त्यामुळं गरम हवा उलट्या घागरीत कोंडल्यासारखी झाली होती. आणि स्टॅबिलायझर? तोही आत, टीव्हीच्या मागंच. स्वतः गरम होणारी वस्तू गरम खोक्यात. हल्लीचे बरेचसे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या लेबलावर लिहिलेलं असतं. तसं असेल तर स्टॅबिलायझर काढूनच टाका. वळवाच्या विजांसाठी चांगलं अर्थिंग आणि मीटरबोर्डात सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा) जास्त उपयोगाचा.

आता शेकोटीची उष्णता कोनाड्यात कुठून येते हे शोधायचं. वाटा दोन. एक म्हणजे शेकोटीच्या तोंडातून बाहेर पडणारी गरम हवा भिंतीलगत चढते आणि थेट कोनाड्यात शिरते. दुसरी म्हणजे कोनाड्याच्या पाठीमागून धुराडं जातं आणि ती भिंतच तापते. ओळखायची खूण सोपी आहे. शेकोटी विझवल्यावर थर्मामीटरकडे बघत बसा. आकडा पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागला तर समोरची हवा. विझवल्यावरही वर वर चढत गेला तर मागची भिंत, कारण दगड-वीट तापायला वेळ घेते तशी निवायलाही घेते. काकांनी शेकोटी नऊला विझवली. आकडा सव्वादहापर्यंत चढतच होता.

आम्ही टीव्ही उतरवला. खानापूरचा जांभा म्हणजे चिरा, आत भोकंच भोकं. धुराड्याची भिंत मुळात चांगली जाड होती, पण एकसपाट दिसावं म्हणून कोनाडा खोल केला आणि मागं जेमतेम चार इंच उरले. त्यातच सॉकेटचा डबा बसवायला आणखी दोन-अडीच इंच कोरलेलं. सॉकेटची पांढरी प्लेट काढली तर तिच्या वरच्या कडेला काळी मिशी उमटलेली. बोटानं पुसली तर तेलकट काजळी. वास धुराचा.

इथं मात्र गंमत संपते. सॉकेटच्या कडेला काजळी म्हणजे धुराड्यातला धूर भिंतीतून घरात येतोय. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि दारं-खिडक्या लावून झोपलेल्या घरात तो जीव घेतो. ही खूण दिसली तर टीव्हीचं काम बाजूला ठेवा आणि भिंत दुरुस्त होईपर्यंत शेकोटी पेटवू नका. खात्री करायची तर दिवसा, खिडक्या उघडून, शेकोटीत थोडा ओला पालापाचोळा धुमसवा, वर धुराड्याचं तोंड क्षणभर ओल्या पोत्यानं झाका आणि खाली कोनाड्यात, सॉकेटपाशी, चिऱ्यांच्या सांध्यांत कुठून धूर डोकावतो ते बघा. उदबत्तीनंही कळतं, सॉकेटच्या भोकाशी धरली की धुराची रेघ आत ओढली जाते किंवा बाहेर फेकली जाते. शेकोटी असलेल्या प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त येतो तो.

ज्या देशांत घरोघर शेकोट्या असतात तिथं याचे नियम ठरलेले आहेत. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत घराच्या आतल्या विटांच्या धुराड्यापासून लाकडी सामान किमान २ इंच लांब आणि शेकोटीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत काहीही जळाऊ नको, असं आहे. काकांच्या कोनाड्यात प्लायवुड मागच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलं होतं. आम्ही ते काढलं तेव्हा त्याची मागची बाजू चहाच्या रंगाची झालेली. रोज थोडं थोडं तापून लाकूड असं होत जातं आणि मग कमी आचेवरही पेट घेतं.

पावसाळ्यातला आजार

भिंत बघायला मी बैलहोंगलकडच्या एका मेस्त्रींना घेऊन गेलो. मराठी त्यांना येतं, पण बोलताना कन्नडच आधी तोंडात येतं. त्यांनी कोनाड्याच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ओले, ओले." मी म्हटलं होय, ओलसर लागतीय खरी. ते हसायला लागले. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूल. ते सांगत होते, मागं चूल आहे, चुलीची वाट आहे. मी ऐकत होतो ओल. दोघांचंही बरोबर निघालं.

ओल कुठनं येते हे बघायला दुधाची रिकामी पिशवी फाडून धुवून घ्या. टीव्ही काढलेल्या भिंतीवर ती चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि दोन दिवस सोडा. पिशवीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवतीय. काकांच्या भिंतीवर आतून थेंब आले. गिलाव्यावर पांढरा खारही फुटलेला होताच.

छपरावर चढलो तर कारण समोरच उभं. धुराड्याला टोपीच नव्हती. कणकुंबी हे मलप्रभेचं उगमस्थान, त्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. चार महिने तो थेट धुराड्यात. चिरा ते पाणी पितो आणि भिंतीतून खाली उतरवत आणतो, अगदी सॉकेटच्या डब्यापर्यंत. त्यात धुराड्यातली जुनी काजळी भिजली की आंबट होते आणि तांब्याला हिरवा चढतो. सॉकेटचे स्क्रू उघडले तर हिरवे झालेले. म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, पडायचा आणि सगळ्या घराची लाईट जायची.

वायरिंग आधी ओलीनं खराब झालंय का हे मेगरवर, म्हणजे वायरीचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, कळतं. टीव्ही आणि बाकी सगळं प्लगमधून काढून ५०० व्होल्टवर मोजायचं. १ मेगाओमच्या खाली आलं तर ती वायर बदला. हे घरी करू नका, वायरमनला सांगा. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करून देणारे महाभाग मी पाहिलेत. ओल्या भिंतीत ते करणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आणि हो, पाल. पावसाळ्यात टीव्हीच्या पाठीची ऊब पालींना फार आवडते. एका घरी सगळ्या चाचण्या झाल्या, काही सापडेना, शेवटी मागचं झाकण उघडलं तर पॉवर बोर्डावर दोन टोकांना चिकटून वाळलेली पाल. कोनाड्याच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, काम भागतं.

मग केलं काय

कोनाडा आम्ही बुजवून टाकला. मेस्त्रींनी मागची भिंत चिऱ्यांचे तुकडे आणि सिमेंटनं परत पूर्ण जाडीची केली, धुराड्याचे सांधे आतून भरले. काका जरा हिरमुसले. मग त्यांना सांगितलं, कोनाडा भिंतीत कोरायचा नाही, भिंतीच्या पुढे उभा करायचा. जुन्या भिंतीपासून दोन इंच हवा सोडून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) चॅनेलचा सांगाडा, त्यावर सिमेंट बोर्ड, मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी, न जळणारी दगडी लोकर. लाकूड कुठंच नाही. नवी भिंत सात इंच पुढे आली आणि टीव्ही तिच्यात एकसपाट बसला. समोरून बघणाऱ्याला तो कोरलेलाच वाटतो.

हवेची वाट काढताना एक चूक सगळे करतात. झरोका खालच्या काठाला, बरोबर शेकोटीच्या वर ठेवतात. म्हणजे गरम हवेला आवतणच. आम्ही आत येणाऱ्या हवेचे झरोके नव्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खाली दिले आणि वर छताजवळ सलग फट ठेवली. प्लायवुडची झालर गेली, काकूंना एलईडी पट्टी पाहिजे होती ती फटीच्या खाली अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवली. टीव्हीच्या चारी बाजूंना १० सेंटिमीटर मोकळे. ५५ इंची टीव्ही साधारण १२३ बाय ७१ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे कोनाडा १४३ बाय ९१ चा. लोक टीव्हीला घट्ट बसेल असा कोनाडा करतात, मग पुढच्या टीव्हीला भिंत फोडावी लागते.

शेकोटी आणि टीव्हीच्या मध्ये कडप्पाची जाड फळी बसवली, भिंतीच्या बाहेर नऊ-दहा इंच आलेली, आणि तिच्या खालून बेळगावच्या उद्यमबाग कारखाना-वसाहतीत वाकवून आणलेला पत्रा. चढणारी गरम हवा या फळीला आपटून खोलीत पुढे जाते. आधीची फळी तीन इंचांची होती, शोभेची. एवढ्या एका बदलानं किती फरक पडतो बघायचं असेल तर फोडाफोडी करायच्या आधी एक रात्र पत्रा नुसता टेकवून मोजून बघा. ज्यांच्या घरी धुराडं मागं नाही, नुसती समोरची हवाच चढते, त्यांचं काम बऱ्याचदा इथंच संपतं.

सॉकेट धुराड्याच्या भिंतीतून उठवून नव्या भिंतीच्या बाजूच्या कोपऱ्यात नेला. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं, ती धुराड्याला चिकटून नेऊच नये. एचडीएमआयसाठी दीड इंची पाईप टाकला, कारण पाऊण इंचीतून त्या वायरीचं डोकं जात नाही आणि मग कुणीतरी डोकं कापून जोडायची आयडिया काढतं. सेटटॉप बॉक्स कोनाड्यात न ठेवता बाजूच्या कपाटात. ब्रॅकेटचे बोल्ट सांगाड्याच्या आडव्या लोखंडी पट्टीत गेले. तुम्ही थेट चिऱ्यात बसवणार असाल तर प्लास्टिकच्या रॉवल प्लगवर विसंबू नका, जांभ्यात ते हळूहळू सैल होतात. केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट, वापरा.

मान दुखते ही तक्रार राहतेच. खुर्चीत बसलेल्याचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो आणि शेकोटीवरच्या टीव्हीचा मध्य साडेपाच फुटांच्या वर जातो. ब्रॅकेट खाली झुकवावा तर ७१ सेंटिमीटर उंचीचा टीव्ही १० अंश झुकवला की त्याचा वरचा काठ १२ सेंटिमीटर पुढे येतो. मग एकसपाट कुठं राहिलं? दोन्ही एकदम मिळत नाही. काकांनी एकसपाट निवडलं आणि सोफा चार फूट मागं सरकवला. मला विचारलं असतं तर मी टीव्ही समोरच्या भिंतीवर लावून शेकोटीवर शिंगंच ठेवली असती.

काम झाल्यावर जानेवारीत परत तीन रात्री मोजलं. दोन्ही चालू असताना वरचा आकडा ३४ वर थांबला.

धुराड्याला पत्र्याची टोपी आणि जाळी बसली, छपराच्या सांध्याला पत्र्याचा घेर दिला. बाहेरून चिऱ्यांना पाणी झटकणारं सिलिकॉनचं द्रावण दोन हात मारलं. आतून ऑइल पेंट मारू नका, आत अडकलेली ओल गिलावा फोडून बाहेर येते. पावसाळ्यात टीव्ही दिवसातून तासभर तरी चालू ठेवा, नुसत्या त्याच्या उबेनंही आतला दमटपणा जातो. टीव्हीसमोर काचेचं दार लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

टोपीखाली पाखरं घरटी करतात आणि जाळी काजळीनं बुजते. त्यामुळं मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा छपरावर चढून ती बघायची. नोव्हेंबरात शेकोटी पहिल्यांदा पेटवण्याआधी परत एकदा. काकूंनी दोन्ही तारखा नव्या कॅलेंडरवर घालून ठेवल्यात, आणि चढायला मलाच बोलावणार आहेत.